खुनाच्या खोलीतली आवराआवर

आमच्या बाबांनी आयुष्यात पन्नासेक हजार माणसांचे फोटो काढले असतील. लग्नाचे, पासपोर्टचे, शाळेचे, आणि एकमेकांशी बोलणं टाकलेल्या भावांना एका बाकावर बसवून काढलेलेसुद्धा. पण गावात कुणालाही विचारा, त्यांचा एकच फोटो लोकांना माहीत आहे, आणि त्यातला माणूस मेलेला आहे.

तो माणूस म्हणजे छत्री कारखान्याचे मालक. साठ वर्षांपूर्वी त्यांच्याच दिवाणखान्यात, त्यांच्याच आरामखुर्चीत, कुणीतरी त्यांच्या डोक्यात काहीतरी जड घातलं. मारणारा सापडला नाही, ते जड काहीतरी सापडलं नाही, कारणही सापडलं नाही. पोलिसांचा नेहमीचा फोटोग्राफर नेमका तापानं आडवा झालेला, म्हणून फौजदारांनी कोपऱ्यावरच्या स्टुडिओतून बाबांना उचललं. बाबा तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि नवरा-नवरी सोडून दुसरं काही काढायची त्यांना सवय नव्हती.

तो फोटो पेपरात छापून आला आणि गावाला वेड लागलं ते आजतागायत. उलगडा झालेल्या खुनाला कुणी विचारत नाही. आमच्याच गल्लीत एकानं मेव्हण्याला मारलं आणि संध्याकाळी स्वतः चौकीत जाऊन सांगितलं. त्या बिचाऱ्या मेव्हण्याचं नावही आज कुणाला आठवत नाही. छत्रीवाल्या मालकांवर मात्र सहा पुस्तकं आहेत, आणि एक ‘छत्री खून अभ्यास मंडळ’ आहे.

या मंडळाचं सगळं तत्त्वज्ञान बाबांच्या त्या एका फोटोवर उभं आहे. फोटोत तीन कोडी आहेत. पहिलं कोडं घड्याळाचं. फळीवरचं घड्याळ काच फुटून दहा वाजून दहा मिनिटांनी बंद पडलंय, म्हणजे झटापट तेव्हाच झाली. दुसरं फुलदाणीचं. मालकांच्या डाव्या हाताला स्टुलावर कागदी फुलांची एक फुलदाणी आहे, आणि घरातल्या एकाही माणसानं ती पूर्वी पाहिली नव्हती. म्हणजे खुन्यानं सोबत आणली! तिसरं चष्म्याचं. मालक चष्म्याशिवाय बसायचे नाहीत, पण फोटोत चष्मा त्यांच्या खिशात आहे, व्यवस्थित घडी घालून. मंडळाचे अध्यक्ष दातांचे निवृत्त डॉक्टर आहेत. फुलदाणीवर त्यांनी एकट्यानं चारशे बारा पानांचं पुस्तक लिहिलंय. माणूस एवढा दात धरून मागे लागला की काय होतं ते त्या पुस्तकात दिसतं.

दर रविवारी सकाळी डॉक्टर वीसेक लोकांना घेऊन गावातून फेरी काढतात. आधी मालकांचं घर, मग जुनं थिएटर, आणि शेवटी आमच्या समोरचं रफूताईचं दुकान.

रफूताई म्हणजे आमच्या गल्लीतली रफूवाली. उंदरानं कुरतडलेला कोट तिच्याकडे द्या, चार दिवसांनी उंदीरसुद्धा जागा ओळखणार नाही. तिचे वडील थिएटरच्या तिकीट खिडकीवर होते आणि मालकांच्या माडीवर भाड्यानं राहत होते. खून झाला त्या दिवशी सकाळी त्यांचं आणि मालकांचं कडाक्याचं भांडण झालं होतं, कारण छत्रीवाल्याच्या घराचं छप्पर गळत होतं. रात्री साडेनऊपर्यंत ते खिडकीत बसलेले अख्ख्या गावानं पाहिले होते. दहा-दहाला मात्र ते कुठे होते ते सांगायला कुणी नव्हतं. एकटेच पायी घरी येत होते. कोर्टानं पुराव्याअभावी सोडलं. गावानं नाही सोडलं. रफूताई तेव्हा नऊ वर्षांची होती. आज एकोणसत्तरची आहे, आणि अजून दर रविवारी डॉक्टर तिच्या दुकानाकडे छडी करून आवाज बारीक करतात, “ही त्यांची मुलगी.” ती मान वर करत नाही. एका शब्दानं कधी कुणाला उलटून बोललेली मी पाहिली नाही. फेरी गेली की मी समोर जाऊन बसते, चहा घेते आणि दोघी मिळून हवापाण्यावर बोलतो.

तर त्या मंगळवारी डॉक्टर स्टुडिओत आले. खुनाला साठ वर्षं झाली म्हणून वाचनालयाच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं, त्यासाठी तो फोटो त्यांना मोठा करून हवा होता. सहा फूट बाय आठ फूट.

“आणि काकांचा सत्कार करायचाय,” डॉक्टर म्हणाले. “या प्रकरणातले शेवटचे हयात साक्षीदार!”

बाबा दाराजवळच्या खुर्चीत पेंगत होते. वय सत्त्याऐंशी, आणि कान सोयीनं चालतात. ‘सत्कार’ म्हटल्यावर चालायला लागले.

“फोटोखाली नाव येणार का?” त्यांनी विचारलं.

“अर्थात!”

“केवढ्या अक्षरात?”

साठ वर्षांत त्या फोटोखाली एकदाही बाबांचं नाव छापून आलं नव्हतं. ‘पोलीस छायाचित्र’ एवढंच. हे शल्य त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं होतं की माझ्या आईनं शेवटच्या आजारपणात त्यांना सांगितलं होतं, “आता तरी तो विषय नको.” डॉक्टरांनी हाताची चार बोटं आडवी धरून अक्षरांची उंची दाखवली आणि बाबांचा चेहरा उजळला.

दुपारी मी माळ्यावरून जुन्या निगेटिव्हचा खोका काढला. पाकिटावर बाबांच्या हातचं ‘छत्री’ लिहिलेलं होतं. तेव्हा निगेटिव्ह काचेवर निघायच्या. आत एक काच असायला हवी होती, पण निघाल्या दोन. दुसरीला चिकटवलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘फुकट’. मी ती दिव्याच्या पेटीवर धरली. तीच खोली, तीच खुर्ची, तेच मालक. पण काहीतरी चुकत होतं.

“बाबा, ही दुसरी काच कसली?”

“ती वाया गेलेली आहे. टाक.”

“यात फुलदाणी नाहीये.”

“कशी असेल? अजून ठेवली नव्हती.”

“कुणी ठेवली नव्हती?”

“कुणी म्हणजे? मी!”

मी खाली बसले. बाबा मात्र एकदम रंगात आले. कामाचं कुणी विचारलं की येतात तसे.

“त्या बाजूला नुसतं बोडकं स्टूल होतं. सगळा फोटो एका अंगाला कलत होता. पिशवीत आपली फुलदाणी होतीच, मी कायम न्यायचो. ठेवली. अजून परत नाही दिली त्या लोकांनी, पुरावा म्हणून ठेवून घेतली.”

“बाबा, तिथे खून झाला होता!”

“खून झाला म्हणून कसाही फोटो काढायचा का?”

“पोलीस काही बोलले नाहीत?”

“फौजदार अंगणात पेपरवाल्यांशी बोलत होते. शिपाई रक्त बघून पायरीवर बसला होता डोकं धरून. मला म्हणाले, दहा मिनिटांत आटप. दहा मिनिटांत मी काय काय केलं ते माझं मला माहीत. पडदे सारखे केले. चष्म्याच्या दोन्ही काचांवर बल्ब चमकत होता, तो काढला आणि खिशात ठेवला. त्यांच्याच खिशात, माझ्या नव्हे. हनुवटीही जरा वर हवी होती, पण ऐकेनात.”

मला हसू फुटलं. खोटं कशाला बोलू? चारशे बारा पानं डोळ्यांसमोर आली आणि मी पोट धरून हसले. मग विचारलं, “आणि घड्याळ?”

“ते जमिनीवर पालथं पडलं होतं, बंद. उचलून फळीवर ठेवलं आणि अंदाज यावा म्हणून हा पहिला फोटो काढला. तेव्हा लक्षात आलं, काटे आठ-वीसवर. आठ-वीसला घड्याळ कसं दिसतं माहितीये? तोंड पाडून बसल्यासारखं. आधीच खोलीत मयत, त्यात ते. घड्याळवाल्यांच्या जाहिराती पेपरात बघायचो ना, त्यात नेहमी दहा-दहा. हसरं दिसतं. मी काटे फिरवले.”

माझं हसू तिथेच आटलं. मी परत काचेवर वाकले. आठ वाजून वीस मिनिटं, अगदी स्वच्छ. आठ-वीसला रफूताईचे वडील खिडकीत बसून गावाला तिकिटं फाडून देत होते.

“तुम्हाला हे कधी कळलं?” मी विचारलं.

बाबांचे कान पुन्हा बंद पडले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि परत विचारलं.

“खटला चालू झाल्यावर,” ते म्हणाले. “पेपरात वाचलं. कोर्टात मला एवढंच विचारलं, हा फोटो तुम्ही काढला का? मी म्हणालो, हो. पुढचं कुणी विचारलंच नाही. फौजदारांनी तोवर मला पोलिसांचं कायमचं काम दिलं होतं. तुझ्या आईला दिवस गेले होते. आणि सुटला की तो माणूस!”

“सुटला? बाबा, खटल्यानंतर तो इथे समोरच राहायला आला होता. तुम्ही रोज बघत होतात.”

मला इतका राग आला की बाहेर दोन गिऱ्हाइकं पासपोर्टच्या फोटोसाठी थांबली होती, त्यांना मी उद्या या म्हणून सांगितलं. ज्या बाईकडे बसून मी वीस वर्षं चहा प्यायले, तिचा बाप आमच्या घरच्या नीटनेटकेपणापायी आयुष्यातून उठला होता.

“रविवारी सगळ्यांसमोर सांगायचं,” मी म्हणाले.

“रविवारी सत्कार होऊ दे. सोमवारी सांगतो.”

“साठ वर्षांत तुमचा सोमवार उजाडला नाही. तुम्ही सांगा, नाहीतर मी ही दुसरी काच मोठी करून शोकेसमध्ये लावते.”

“ती?” बाबा खुर्चीतून अर्धे उठले. “अगं, त्यात चष्म्यावर चमक आहे! माझ्या नावाखाली लावणार तू ती?”

खुनाच्या खटल्यात गप्प राहिल्याबद्दल गाव काय म्हणेल याची त्यांना तितकी धास्ती नव्हती. वाईट फोटोची होती. सांगतो म्हणाले.

संध्याकाळी मी रफूताईकडे गेले. ती एका शाळामास्तरांच्या स्वेटरचं कोपर भरत होती. सांगायला तोंड उघडलं आणि धीर झाला नाही. हे बाबांच्या तोंडून तिनं ऐकायला हवं, असं मी मनाची समजूत घालून घेतली. खरं म्हणजे मी घाबरले होते. शेवटी एवढंच म्हणाले, “रविवारी हॉलमध्ये ये.”

“माझं काय काम तिथे? मला बघायचं असलं की ते इकडेच येतात.”

“माझ्यासाठी ये.”

आली. शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसली.

हॉल गच्च भरला होता. भिंतीवर सहा बाय आठ फुटांचे मालक, खाली चार बोटं उंचीच्या अक्षरांत बाबांचं नाव. डॉक्टरांनी तासभर भाषण केलं. खुनी हा सौंदर्यदृष्टी असलेला, शांत डोक्याचा, फुलांवर प्रेम करणारा इसम असला पाहिजे, हे त्यांनी पुन्हा एकदा सिद्ध केलं. बाबांचा ऊर अभिमानानं भरून येत होता, ते मला इकडून दिसत होतं. मग बाबांना बोलायला उभं केलं.

ते आधी फोटोकडे वळले. “काळा रंग थोडा जास्त झालाय,” म्हणाले. हा मला टोमणा. मग त्यांनी नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि समोर बघून म्हणाले, “मंडळी, ती फुलदाणी माझी आहे.”

लोक हसले. म्हातारा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. बाबांनी मग एकेक करून सगळं सांगितलं, पडद्यांपासून चष्म्यापर्यंत. हसणं कमी कमी होत गेलं. मग ते घड्याळाशी आले. “काटे आठ-वीसवर होते,” ते म्हणाले. “मी फिरवले. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही. भ्यालो.” मी पिशवीतून दुसरा फोटो काढून पुढच्या रांगेत दिला, तो हातोहात मागे गेला.

डॉक्टर उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या दाढा उपटल्या, आज त्यांची अक्कलदाढ कुणीतरी भूल न देता काढली होती.

“म्हणजे खुन्याची ती कलादृष्टी...” त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

“माझी,” बाबा म्हणाले. एवढ्यातही त्यांना ते सांगताना बरं वाटलंच.

“मग खून कुणी केला?” कुणीतरी ओरडलं.

“मला काय माहीत? मी फोटोवाला आहे.”

तेवढ्यात मधल्या रांगेतल्या एकाच्या डोक्यात प्रकाश पडला. “आठ-वीसला तर तिकीटवाला खिडकीवर होता!” आणि सगळा हॉल खुर्च्या करकरवत मागे वळला. साठ वर्षं बघत आले तसेच आताही सगळे रफूताईकडे बघत होते. ती उठली, पदर सारखा केला आणि निघून गेली.

तिचं दुकान तीन दिवस बंद होतं. चौथ्या दिवशी उघडल्यावर मी गेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “काही द्यायचंय का रफूला?” इतर गिऱ्हाइकांना विचारते तसं. मी नाही म्हणाले. चहाचं तिनं विचारलं नाही आणि मलाही बसवेना. त्या दिवशी मी घरी येऊन रडले. बाबांना वाटलं पासपोर्टच्या मशीनचं काही बिघडलं.

मंडळ आता गाशा गुंडाळणार अशी माझी समजूत होती. मी त्यांना ओळखलंच नव्हतं. आठ दिवस डॉक्टर घराबाहेर पडले नाहीत. नवव्या दिवशी बाहेर आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. मयताजवळ दहा मिनिटं एकटा कोण होता? फुलदाणी कुणाची? काटे कुणी फिरवले? आणि मुख्य म्हणजे, साठ वर्षं गप्प कोण बसलं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी डोक्याला हात लावला. बाबा मात्र खूश!

“माझ्यावर पुस्तक लिहिणार आहेत,” ते मला म्हणाले. रविवारची फेरी आता आमच्या दाराशी संपायला लागली. बाबा सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात खुर्ची टाकून बसायचे. कुणी मोबाइल उगारला की सूचना करायचे, “या बाजूनं घ्या, त्या बाजूनं मी म्हातारा दिसतो.”

असे दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी गर्दी दुप्पट होती. डॉक्टरांनी छडी आमच्याकडे केली आणि आवाज बारीक केला. एक बाई सहा-सात वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. दाराशी आम्ही जुना लाकडी कॅमेरा मांडून ठेवलाय, तो बघायला ती मुलगी पुढे आली. बाबांना लहान मुलं आवडतात. त्यांनी तिला भिंग दाखवायला हात पुढे केला.

“त्यांच्याजवळ नको!” आईनं मुलीला दंडाला धरून मागे ओढलं.

बाबा आधी हसले. मग त्यांनी त्या बाईच्या तोंडाकडे नीट बघितलं. त्यांचा हात तसाच पुढे राहिला होता. “अहो, मी नाही केलं काही,” ते म्हणाले.

“टिपून घ्या,” डॉक्टर शेजारच्याला म्हणाले. “कुणी विचारलं नसताना खुलासा.”

बाबांनी वळून मला शोधलं. माझा बाप इतका घाबरलेला मी कधी पाहिला नव्हता. काय बोलायचं असतं अशा वेळी, कुणाला माहीत असतं?

समोरून रफूताई येत होती. बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच, खांद्यावर धागा लोंबत होता. लोकांनी तिला वाट करून दिली. ती डॉक्टरांच्या पुढ्यात उभी राहिली.

“या माणसानं माझ्या बाबांचं वाटोळं केलं,” ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. “मी त्याला माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही. पण खून त्यानं केलेला नाही.”

“पुरावा आहे का काही?” डॉक्टरांनी विचारलं. सवय जात नाही.

“माझ्या बाबांच्या वेळी तुम्हाला कुठे लागला होता? एक हातचा गेला म्हणून दुसरा धरलात. खुनी पाहिजे तर शोधा, पण दारोदार जाऊन नेमू नका. चला, निघा इथून.”

लोक हलले. आधी ती बाई मुलीला घेऊन गेली, मग बाकीचे. डॉक्टर शेवटी गेले, आणि जाताना प्रथमच त्यांची छडी खाली होती. गल्ली रिकामी झाली. रफूताईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती बाबांच्या खुर्चीपाशी गेली.

“काका, उठा. आत चला.”

“मी खून नाही केला गं,” बाबा म्हणाले.

“म्हणून तर. ते यायच्या दिवशी दारात बसायचं नसतं. आपण निर्लज्ज आहोत असं वाटतं त्यांना.” तिनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं. “माझ्या बाबांना हे कळायला दोन वर्षं लागली. मग ते कधीच बसले नाहीत.”